नारूचा धडा

आजारी माणसाला बरे करणे हे एक काम. माणूस मुळात आजारीच पडू नये अशी तजवीज करणे हे दुसरे. पहिल्या कामाला वैद्यक म्हणतात आणि दुसऱ्याला सार्वजनिक आरोग्य असे नाव आहे. पहिल्या कामाची थोरवी कोणाला सांगावी लागत नाही. तापाने फणफणलेल्या मुलाचा ताप उतरला म्हणजे त्या घरची माणसे डॉक्टरांचे उपकार जन्मभर स्मरतात. दुसऱ्या कामाच्या वाट्याला अशी कृतज्ञता सहसा येत नाही. जो आजार झालाच नाही, त्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानावेत? सार्वजनिक आरोग्याची मुख्य अडचण या साध्या प्रश्नात साठवलेली आहे. त्याचे यश डोळ्यांना दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्यासाठी पैसा, श्रम व अंगवळणी पडलेल्या सवयी खर्ची घालण्यास माणसे सहजासहजी तयार होत नाहीत.

ही अडचण कशी असते आणि ती कोणत्या वाटेने ओलांडता येते, हे समजून घेण्यास भारतातून नाहीशा झालेल्या एका रोगाचा इतिहास फार उपयोगी पडतो. तो रोग म्हणजे नारू. कोरडवाहू मुलखातील खेड्यात वाढलेल्या वृद्ध माणसाला या नावाची ओळख करून द्यावी लागणार नाही. त्याने तो पाहिलेला असेल, कदाचित भोगलेलाही असेल. आजच्या तरुणाने मात्र हे नाव ऐकलेले असण्याचा संभव कमी. एखादे दुखणे लोकांच्या आठवणीतूनही पुसले जावे, याहून मोठा विजय आरोग्यशास्त्राला मागता येणार नाही.

नारू म्हणजे एक लांब, दोऱ्यासारखा कृमी. आयुर्वेदीय ग्रंथांत त्याचे वर्णन 'स्नायुक' या नावाने आढळते, आणि प्राचीन इजिप्तच्या वैद्यकीय लिखाणातही त्याचा उल्लेख असल्याचे विद्वान मानतात. माणसाच्या शरीरात त्याची मादी वाढते आणि साठ ते शंभर सेंटिमीटर लांब होते. पुढे ती बहुधा पायाच्या कातडीखाली येते. तेथे फोड उठतो, असह्य आग होते आणि फोड फुटला की तिचे टोक बाहेर दिसू लागते. तिला ओढून काढण्याची घाई करून चालत नाही. मधेच तुटली तर आत दाह होतो, पू धरतो. म्हणून एका बारीक काडीभोवती तिला रोज थोडी थोडी गुंडाळत जाणे, एवढाच उपाय हजारो वर्षे माणसाच्या हाती होता. या खटाटोपात कित्येक आठवडे जात, आणि तेवढा काळ रोगी अंथरुणाला खिळून राही.

नारूने माणसे क्वचितच मरत. पण तो येई तो नेमका शेतीच्या ऐन हंगामात. उन्हाळ्यात विहिरी-तळी आटली की उरलेल्या थोड्या पाण्यात त्याचा संसर्ग वाढे आणि पुढल्या उन्हाळ्यात, किंवा पावसाच्या तोंडावर, तो लोकांच्या पायांतून बाहेर पडे. नांगरट आणि पेरणी यांचे हे दिवस. घरातील कर्ता पुरुष आणि राबती बाई एकाच वेळी जायबंदी झाली तर शेत पडीक राही आणि कर्जाचा डोंगर चढे. मृत्यूच्या नोंदवहीत ज्याचे नाव सापडत नाही, असा रोगही एखाद्या गावाला दरिद्री करू शकतो. आरोग्य म्हणजे रोगाचा निव्वळ अभाव नव्हे, त्यात शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्यही येते, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेने केली. पेरणी चुकलेल्या घराकडे पाहिले म्हणजे या व्याख्येतील 'सामाजिक' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आता हा कृमी माणसाच्या अंगात शिरतो कसा, ते पाहू. आग शमावी म्हणून रोगी आपला पाय पाण्यात बुडवतो. ते पाणी गावच्या पायविहिरीचे असेल तर नारूची मादी त्याच क्षणी आपली लाखो सूक्ष्म पिल्ले त्यात सोडते. त्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा एक कवचधारी जीव असतो. तो ही पिल्ले गिळतो आणि सुमारे दोन आठवड्यांत ती त्याच्या पोटात पुढील अवस्थेला पोहोचतात. मग कोणी तहानलेला माणूस ओंजळीने किंवा घागरीतून ते पाणी पितो. त्याच्या जठरात सायक्लॉप्स मरतो, पिल्ले मोकळी होतात आणि आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. पुढे सुमारे वर्षभर काहीच घडत नाही. माणूस खातो, पितो, हिंडतो, काम करतो. वर्ष संपता संपता पायावर फोड उठतो, आग होते, आणि तो माणूस पाय बुडवण्यासाठी त्याच विहिरीच्या पायऱ्या उतरतो.

साथीचे रोग समजून घेताना आरोग्यशास्त्र तीन गोष्टींचा विचार करते: रोगाला कारण होणारा जीव, त्याला आश्रय देणारा माणूस आणि त्या दोघांची गाठ घालून देणारा परिसर. नारूच्या बाबतीत कृमी हा पहिला कोन, तहानलेला खेडूत हा दुसरा आणि पायविहीर हा तिसरा. वैद्य पाहतो तो मुख्यतः दुसऱ्या कोनाकडे, म्हणजे समोर आलेल्या रोग्याकडे. सार्वजनिक आरोग्याचे काम करणारा तिन्ही कोनांकडे पाहतो आणि त्यांना जोडणारी साखळी कोठे तोडणे सर्वांत सोपे आहे याचा शोध घेतो.

नारूची साखळी तोडण्याच्या जागा पाहिल्या तर दोन दारे आरंभीच बंद असल्याचे आढळते. या कृमीला शरीरात मारणारे औषध नाही आणि त्याच्यावर लसही नाही. इतकेच नव्हे, तर देवी किंवा गोवर एकदा येऊन गेल्यावर जशी शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होते, तशी ती नारूच्या बाबतीत होत नाही. यंदा नारू भोगलेल्या माणसाला पुढच्या वर्षी तो पुन्हा होऊ शकतो. राहिली इतर दारे. नारू झालेल्याने पाण्यात उतरू नये. पाणी पिण्यापूर्वी ते दाट विणीच्या फडक्यातून गाळावे, म्हणजे सायक्लॉप्स वर राहील. विहिरीच्या पायऱ्या बंद कराव्यात, म्हणजे पाय आणि पाणी यांची भेटच होणार नाही. पाण्यात सायक्लॉप्स मारणारे, पण योग्य प्रमाणात माणसाला अपाय न करणारे द्रव्य टाकावे. आणि शक्य तेथे हातपंप बसवून पायविहिरीची गरजच संपवावी. रोग होण्यापूर्वीच त्याला अडवणाऱ्या अशा उपायांना प्राथमिक प्रतिबंध म्हणतात. रोग लवकर ओळखून त्याचा फैलाव व जोर रोखणे हा दुसरा प्रतिबंध, आणि रोग होऊन गेल्यावर माणूस कायमचा पंगू होऊ नये म्हणून केलेली खटपट हा तिसरा. नारूवर खरी मात्रा चालते ती पहिल्याची.

यातील ज्ञान नवे नव्हते. सायक्लॉप्सचा या रोगाशी असलेला संबंध अलेक्सेई फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने १८७० साली दाखवून दिला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड या भारतीय जंतुशास्त्रज्ञाने स्वखुशीने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून, दूषित सायक्लॉप्स पोटात गेल्याने नारू होतो हे सिद्ध केले. म्हणजे रोगाचे कारण ठाऊक होते, उपायही ठाऊक होता आणि त्याला लागणारे साधन, म्हणजे एक फडके, प्रत्येक घरात होते. तरीही भारतातील लोक पुढे कित्येक दशके नारू भोगत राहिले. ग्रंथात असलेले ज्ञान पाणवठ्यावर पोहोचायला एवढा वेळ का लागला?

याचे एक कारण त्या मधल्या वर्षात आहे. चुलीवरील तव्याला हात लागला तर तो तत्क्षणी भाजतो, आणि मूल पुन्हा तव्याला हात लावत नाही. तेथे कारण आणि परिणाम एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून शिकवणारा कोणी लागत नाही. नारूच्या बाबतीत पाणी प्यायले गेल्या उन्हाळ्यात आणि फोड उठला या उन्हाळ्यात. या दोन घटनांची सांगड अनुभवाने घालणे कोणालाही शक्य नाही. शिवाय तेच पाणी सारे गाव पिते, पण नारू काहींनाच होतो. अशा वेळी माणूस ज्या कारणाकडे वळतो ते त्याच्या आवाक्यातील असते: रक्त दूषित झाले, उष्णता वाढली, दैवताचा कोप झाला. हा अडाणीपणा नव्हे. डोळ्यांना दिसेल तेवढ्यावरून काढलेला तो अनुमानाचा निष्कर्ष आहे. वैद्यकाचे पंडितही शतकानुशतके याहून फारसे निराळे काही सांगत नव्हते.

कारण आणि परिणाम यांमधील हे अंतर दोन प्रकारचे असते. एक काळाचे आणि दुसरे माणसामाणसांतील. पाय बुडवतो एक आणि पाणी पितो दुसरा. पाय बुडवणाऱ्याला थंडावा मिळतो. त्याची किंमत वर्षाने कोणी शेजारी मोजतो. सार्वजनिक आरोग्य हे या दोन्ही अंतरांच्या पलीकडे पाहणारे शास्त्र आहे. आणि आरोग्यशिक्षण म्हणजे शास्त्राला जे पलीकडचे दिसले, ते अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला दिसेल असे करणे.

यावर कोणी म्हणेल की एवढी यातायात हवी कशाला? काय करावे हे शासनाला ठाऊक असेल तर त्याने हुकूम सोडावा आणि लोकांनी तो पाळावा. या वाटेने जाऊन काय होते, याचा मोठा कडू अनुभव महाराष्ट्राने एकदा घेतला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगने शिरकाव केला आणि थोड्याच काळात तो पुण्यात पोहोचला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँड या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली प्लेग समिती नेमली गेली, आणि मार्चमध्ये सोल्जरांच्या तुकड्या घरोघर रोगी शोधू लागल्या. माजघरापर्यंत शिरणे, सामान रस्त्यावर काढणे, रोग्यांना आणि रोगाचा संशय असलेल्यांना घरातून नेणे, हे सारे रोग थांबवण्यासाठीच चालले होते. पण लोकांना दिसला तो मात्र जुलूम. त्यांनी रोगी लपवले. जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढे त्याचा मृत्यू झाला. या घटनेचा राजकीय इतिहास सर्वश्रुत आहे. आरोग्याच्या दृष्टीने तिच्यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की हुकूम देणाऱ्यांचे स्वतःचे ज्ञानही तेव्हा अपुरे होते. प्लेगचा जंतू १८९४ साली सापडला होता. पण तो उंदरावरील पिसवांमार्फत माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत दाखवले ते १८९८ साली, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी कित्येक वर्षे लागली. सोल्जर माणसे शोधत होते. उंदीर भिंतींतून आपल्या वाटेने जात होते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. साथ थांबवायची तर ती कोठे आहे हे कळावे लागते, आणि ते कळण्याचे पहिले साधन म्हणजे रोग्याच्या घरच्यांचे बोलणे. धाक बसला की ते बोलणे बंद होते. त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. शासनाजवळ कायदा होता, शिपाई होते. पण लोकांनी विश्वासाने दार उघडावे असे नाते त्याच्याजवळ नव्हते.

स्वतंत्र भारताने नारूविरुद्ध मोहीम हाती घेतली तेव्हा यापुढे निराळ्या वाटेने जावे लागणार हे उघड होते. घरोघरी रोज भरल्या जाणाऱ्या घागरींवर शिपाई कोण आणि किती बसवणार? देशव्यापी कार्यक्रम १९८३-८४ च्या सुमारास सुरू झाला. १९८४ साली राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडू या सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण होते. गावांची संख्या १२,८०० हून अधिक होती. बहुतेक गावे अवर्षणाच्या पट्ट्यातील. महाराष्ट्रातील बारव, गुजरातेतील वाव आणि राजस्थानातील बावडी यांची नावे निराळी. पण पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाण्याची रीत एकच. पूर्वजांनी मोठ्या कौशल्याने आणि पुण्यबुद्धीने बांधलेली ही स्थाने. त्यांना रोगाचे आगर म्हणताना बोलणाऱ्यालाही जपूनच बोलावे लागे.

आरोग्यशिक्षणाची पहिली अट ही की ते लोकांच्या ठायी असलेल्या एखाद्या चांगल्या सवयीला धरून चालावे. पाणी गाळून पिण्याचा आचार या देशात जुना आहे. जैन समाजात तर तो धर्माचरणाचा भाग आहे. तेव्हा 'पाणी गाळा' हे सांगणे कोणाला परके वाटण्याचे कारण नव्हते. सांगायचे ते बारकावे. फडके फाटके नसावे. त्याची वीण दाट असावी. ते दुहेरी घ्यावे. त्याची जी बाजू काल वर होती तीच आजही वर असावी, नाहीतर काल अडकलेले सायक्लॉप्स आज घागरीत उतरतात. गाळून झाल्यावर फडके झटकून उन्हात वाळवावे. आणि गाळण्याने नारू अडतो, पण पटकीचे किंवा विषमज्वराचे जंतू अडतीलच असे नाही. त्यांच्यासाठी पाणी उकळावे लागते किंवा त्याचे क्लोरीनने शुद्धीकरण करावे लागते. हा शेवटचा खुलासाही तितकाच आवश्यक. अर्धे ज्ञान मिळालेला माणूस पुढे फसला म्हणजे त्याचा उरलेल्या अर्ध्यावरचाही विश्वास उडतो.

दुसरी अट दाखवण्याची. विहिरीचे पाणी काचेच्या भांड्यात घेऊन उजेडाकडे धरले, जवळ एक भिंग ठेवले, की त्यात तुरुतुरु हलणारे जीव दिसतात. तेच पाणी फडक्यातून गाळले की ते नाहीसे होतात. जे काम तासाभराच्या व्याख्यानाने होत नाही, ते या दोन भांड्यांनी होते. मधले वर्ष दाखवता येत नाही. पण त्या वर्षाचा आरंभ मात्र असा डोळ्यांपुढे आणता येतो.

तिसरी अट योग्य माणसाशी बोलण्याची. गावात पंच आणि सरपंच असतात, सभा त्यांच्यापुढे होते; पण पाणी भरतात बायका. गाळायचे की नाही हे चावडीवर ठरत नाही, ते स्वयंपाकघरात ठरते. म्हणून जेथे गावातल्याच बायकांना शिकवून त्यांच्या तोंडून हा संदेश घरोघर गेला, तेथे तो टिकला. दक्षिण राजस्थानातील आदिवासी भागात तर बायकांनी हातपंप दुरुस्त करण्याचेही शिक्षण घेतले.

चौथी अट अशी की शिक्षणाच्या जोडीला सोय हवी. गावात एकच पाणवठा असताना 'त्याचे पाणी पिऊ नका' असे सांगणे म्हणजे शिक्षण नव्हे, ती थट्टा झाली. म्हणून पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून त्यांना कठडे बांधण्यात आले, रहाट बसवून पोहऱ्याने पाणी शेंदण्याची व्यवस्था झाली, आणि ठिकठिकाणी हातपंप आले. माणसे चुकीचे वागतात ती नेहमीच अज्ञानाने असे नाही. पुष्कळदा त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नसतो. हे ध्यानात न घेता केलेला उपदेश दुखणेकऱ्यालाच गुन्हेगार ठरवतो.

शिक्षण दिले खरे, पण ते पोहोचले की नाही, हे ओळखावे कसे? वाटलेली पत्रके आणि घेतलेल्या सभा मोजून ते कळत नाही. या बाबतीत शेजारच्या बांगलादेशातील एक उदाहरण मार्मिक आहे. जुलाबाने मुलाच्या अंगातील पाणी कमी झाले तर मीठ-साखरेच्या पाण्याने त्याचा जीव वाचतो. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले होते. ते ज्ञान आयांपर्यंत नेण्यासाठी ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० ते १९९० या काळात एक कोटीहून अधिक घरांत गेल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचे मिश्रण त्यांनी आयांकडून स्वतःच्या हाताने करवून घेतले. त्यांचा मेहनताना मात्र त्यांनी किती घरे पालथी घातली यावर ठरत नसे. नंतर तपासनीस जाई तेव्हा आईला किती आठवते आणि मिश्रण कितपत नीट करता येते, यावर तो ठरे. शिक्षकाने काय सांगितले यापेक्षा विद्यार्थ्याने काय घेतले, हे मोजण्याची ही रीत सर्वच शिक्षणक्षेत्राने अभ्यासावी अशी आहे. घरात साखर असेल तर आजही एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा, असे चहाचे सपाट चमचे घालून हे पाणी करता येते.

नारूच्या मोहिमेचा शेवटचा टप्पा सर्वांत कठीण होता. रुग्ण हजारांवरून शेकड्यांवर आणि शेकड्यांवरून हाताच्या बोटांवर आले, की यंत्रणेचा उत्साह मावळतो आणि लोकांचे लक्षही उडते. पण एक रोगी पाण्यात उतरला तरी सारे गाव पुन्हा पहिल्या पायरीवर येते. म्हणून वर्षातून ठराविक वेळा घरोघर जाऊन रुग्णशोध चालू ठेवावा लागला, आणि नारूची खबर देणाऱ्याला बक्षीस जाहीर करावे लागले. येथे आरोग्यशास्त्रातील एक मूलभूत कल्पना समजून घेतली पाहिजे. 'आमच्याकडे रोग नाही' या वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात. कोणी शोधलाच नाही, हा एक. कसून शोधला आणि सापडला नाही, हा दुसरा. कागदावर दोन्ही ठिकाणी शून्यच लिहिले जाते, पण त्यांतील दुसऱ्या शून्यालाच किंमत आहे. सतत डोळे उघडे ठेवण्याच्या या कामाला रोगसर्वेक्षण म्हणतात. पुण्यात १८९७ साली ज्या शोधाने घराची दारे बंद झाली, तोच घरोघरचा शोध येथे दारे उघडून घेत पुरा झाला.

भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलै महिन्यात राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शोध घेऊनही एकही रुग्ण मिळाला नाही, तेव्हा २००० च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. जगात अन्यत्र मात्र हा रोग अजून पूर्णपणे संपलेला नाही. १९८६ साली जगभर सुमारे ३५ लाख रुग्ण असावेत असा अंदाज होता. २०२३ साली नोंदले गेलेले मानवी रुग्ण अवघे १४ होते. आफ्रिकेतील काही देशांत कुत्र्यांनाही त्याची बाधा होत असल्यामुळे तेथील शेवटची लढाई लांबली आहे. माणसाने आजवर निर्मूलन केलेला मानवी रोग एकच, तो म्हणजे देवी. त्याची घोषणा १९८० साली झाली. तेथे लस हाती होती. नारूच्या बाबतीत हाती होते ते फडके, भिंग, कठडा आणि लोकांशी केलेला संवाद.

ही कथा येथे संपती तर ती एका जुन्या कृमीची कथा ठरली असती. परंतु कारण आणि परिणाम यांमधील अंतराचा प्रश्न आज अधिकच मोठा झाला आहे. नारूचे अंतर एका वर्षाचे होते. तंबाखूची पहिली चिमूट आणि तोंडाचा कर्करोग यांत कित्येक वर्षे जातात. जेवणातील जादा मीठ आणि अर्धांगाचा झटका, बैठे जीवन आणि मधुमेह यांचेही तसेच आहे. मधल्या काळात माणूस खातो, पितो, हिंडतो, काम करतो आणि आपले काही बिघडलेले नाही असे समजतो. आणि दुसऱ्या प्रकारचे अंतर, एकाने करावे आणि दुसऱ्याने भोगावे हे, तेही तसेच आहे. विडी ओढतो बाप आणि तो धूर घेते पाळण्यातले मूल. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध भारतात कायदा आहे आणि तो हवाच; पण कायदा रस्त्यावर आणि कचेरीत चालतो, घराच्या उंबरठ्याशी तो थांबतो. त्याच्या आत जाता येते ते विश्वासाने आणि समजुतीनेच.

म्हणून आरोग्याचा कोणताही उपदेश ऐकताना आणि करताना नारूचा हा धडा आठवावा. सांगितलेले खरे आहे का; ते डोळ्यांना दिसेल असे दाखवले आहे का; ज्याच्या हातून ते व्हायचे त्याच्याशीच आपण बोललो आहोत का; त्याला तसे वागण्याची सोय आहे का; आणि त्याने ते खरोखर घेतले का, हे आपण पाहिले आहे का? या पाच प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली तर औषधावाचून आणि लसीवाचूनही एखादा रोग देशाबाहेर घालवता येतो, हे या देशातील बारा हजारांहून अधिक गावांनी सिद्ध केले आहे. त्या गावांतील पुष्कळ मुलांना आज नारू हा शब्द ठाऊक नाही. त्यांच्या आज्यांनी वर्षानुवर्षे रोज सकाळी घागरीच्या तोंडावर एक फडके बांधले, म्हणून तो त्यांना ठाऊक नाही.